मुंबई ते सिंगापूर: अंतर किती, वेळ किती, आणि तिकिटावर वेगळंच का दिसतं?

माझं माहेर सोलापूरचं आणि गेली बरीच वर्षं संसार सिंगापूरला, त्यामुळे दर सुट्टीच्या आधी कुणाची तरी मावशी, कुणाचे तरी सासरे, कुणाचा इंजिनियर झालेला भाचा असे सगळे मला हेच प्रश्न पाठवत असतात. तीच उत्तरं टाइप करून अंगठे दुखले, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवते. नंबर दिलेत, कारण काही उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत.

१. मुंबई ते सिंगापूर विमानाने किती किलोमीटर?

साधारण ३,९०० किलोमीटर. हे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं कमीत कमी अंतर, मुंबईच्या विमानतळापासून चांगी विमानतळापर्यंतचं. अंदाज यावा म्हणून सांगते, मुंबई-दुबई आहे १,९०० च्या थोडं वर, म्हणजे सिंगापूर साधारण दुबईच्या दुप्पट लांब. आणि लंडनच्या निम्म्याहून थोडं जास्त. "सिंगापूर काय, जवळच आहे की" असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं, कारण मुंबई-दिल्लीच्या तिपटीपेक्षा जास्त होतं हे.

२. एका साइटवर २,४३० मैल दिसतं, दुसरीकडे २,११०. नक्की खरं कुठलं?

दोन्ही खरे आहेत, मैल वेगळे आहेत. २,४३० हे आपले नेहमीचे रस्त्यावरचे मैल (१.६ किलोमीटरचा एक). २,११० हे नॉटिकल मैल, म्हणजे सागरी मैल (१.८५२ किलोमीटरचा एक), पायलट आणि जहाजवाले हेच वापरतात. गुणाकार करून बघा, दोन्हीकडून ३,९०० च्या आसपासच येतं. किलोमीटरमध्ये बघायची सवय लावा, डोकं शांत राहतं.

३. विमानाला किती वेळ लागतो?

नॉनस्टॉप असेल तर साडेपाच तास धरा. पण यात एक गोम आहे. तिकिटावरचा वेळ असतो विमान मुंबईच्या गेटवरून मागे सरकतं तिथपासून ते चांगीच्या गेटला लागून थांबतं तिथपर्यंतचा, आणि त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंत सरकणं हे सगळं धरलेलं असतं. हवेत प्रत्यक्ष पाच तासांच्या आसपासच. शिवाय कंपन्या थोडा वेळ पदरचा वाढवून ठेवतात, म्हणजे निघायला वीस मिनिटं उशीर झाला तरी पोचताना "वेळेवर आलो" अशी अनाउन्समेंट करता येते. म्हणून कधी कधी उशिरा निघालेलं विमान लवकर पोचतं, त्यात पायलटने काही जादू केलेली नसते.

विमान कुठलं आहे त्यानेही थोडा फरक पडतो. मधे एकच वाट असलेलं छोटं एअरबस ३२० च्या घराण्यातलं विमान ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जातं, मोठं दोन वाटांचं ९०० च्या जवळ. एवढ्या अंतरात पंधरा-वीस मिनिटं वाचतात, बस. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका, पाय पसरायला जागा हवी असेल तर मोजा.

४. जाताना तिकिटावर आठ तास आणि येताना तीन तास! येताना एवढं फास्ट कसं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. येताना फास्ट नाही हो. तिकिटावर निघायची वेळ निघण्याच्या गावाची असते आणि पोचायची वेळ पोचण्याच्या गावाची. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, त्यामुळे जाताना ते अडीच तास जमा होतात आणि येताना वजा.

उदाहरण घ्या. मुंबईहून रात्री ११:३० ला निघालात, साडेपाच तासांनी भारतात पहाटेचे ५ वाजलेत पण चांगीत ७:३० वाजलेले असतात. तिकिटावर ११:३० ते ७:३०, बघणाऱ्याला वाटतं आठ तास. येताना सिंगापूरहून संध्याकाळी ६:३० ला निघालात, पाच तास चाळीस मिनिटांनी सिंगापुरात मध्यरात्र उलटून दहा मिनिटं झालेली असतात, पण मुंबईत ९:४० च वाजलेले असतात, म्हणजे घरी येऊन पिठलं-भात खायलाही वेळ उरतो. सोपा नियम लक्षात ठेवा: जाताना दिसणाऱ्या तासांतून अडीच काढा, येताना दिसणाऱ्या तासांत अडीच घाला. म्हणूनच सिंगापूरला जाणाऱ्यांना रात्रीचं विमान बरं पडतं असं वाटतं आणि प्रत्यक्षात झोप मात्र जेमतेम साडेतीन-चार तास मिळते, कारण वर गेल्यावर तासभर जेवणाच्या ट्रॉलीचाच खडखडाट चालतो.

५. हा अडीच तासांचा फरक उन्हाळ्यात-हिवाळ्यात बदलतो का?

नाही. भारतातही घड्याळ मागेपुढे करत नाहीत आणि सिंगापुरातही नाही, त्यामुळे बाराही महिने अडीच तास. लंडन किंवा सिडनीवाल्यांची डोकेदुखी आपल्याला नाही.

पण गंमत सांगते, हा फरक कायमचा असा नव्हता. नकाशावर सिंगापूर जिथे आहे तिथे खरं तर ग्रिनिचपेक्षा सात तास पुढे ही वेळ शोभली असती, आणि १९०५ साली तशीच होती. मग १९३३ मध्ये वीस मिनिटं वाढवली, १९४१ मध्ये अजून दहा, १९४२ ला जपान्यांनी बेट घेतलं तेव्हा सगळ्यांना टोकियोच्या घड्याळाने उठावं लागलं, १९४५ ला पुन्हा साडेसातवर. त्यानंतर १९८२ च्या १ जानेवारीला मलेशियाने आपल्या दोन्ही भागांची वेळ एक करायची ठरवली म्हणून सिंगापूरनेही शेजाऱ्याबरोबर अर्धा तास पुढे उडी मारली. म्हणजे १९८१ पर्यंत आपल्यात आणि त्यांच्यात बरोब्बर दोनच तासांचं अंतर होतं. आणि आपणही काही कमी नव्हतो, मुंबईत 'बॉम्बे टाइम' म्हणून ३९ मिनिटं मागे चालणारी वेगळी वेळ होती ती पार १९५५ पर्यंत.

या उड्यांचा परिणाम आजही दिसतो. सिंगापुरात सूर्य सातच्या आसपास उगवतो, वर्षभर. पहिल्यांदा आलेले आजोबा साडेसहाला मॉर्निंग वॉकला निघतात आणि बाहेर काळोख बघून परत येऊन घड्याळच तपासतात.

६. विमान नेमकं कुठून जातं? खिडकीतून काही दिसतं का?

हे माझं आवडतं उत्तर. मुंबई आणि चांगी यांच्यामध्ये गोलावरची सगळ्यात जवळची रेषा काढली तर ती पुण्यावरून आणि जवळजवळ थेट सोलापूरवरून जाते! म्हणजे सिद्धेश्वर एक्सप्रेसचाच रूट, फक्त दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून. मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, मग तिथेच उतरत जा की.

सोलापूरच्या पुढे रेषा हैदराबादच्या दक्षिणेकडून, कर्नूलच्या बाजूने जाते आणि आंध्रच्या किनाऱ्यावर ओंगोलजवळ जमीन सोडते. तिथून पुढे बंगालचा उपसागर. मग निकोबार बेटांवरून, सुमात्राचं टोक उजव्या हाताला ठेवून मलाक्काच्या सामुद्रधुनीवर, आणि मलेशियाच्या किनाऱ्याकडेने खाली सिंगापूर. अर्थात विमानं ठरलेल्या हवाई मार्गांनी जातात, तर रोज बरोब्बर सोलापूरच्या सिद्धरामेश्वराच्या तलावावरूनच जाईल असं नाही, थोडं इकडेतिकडे होतं.

दिवसाच्या फ्लाइटला शेवटचा अर्धा तास खिडकी धरून बसा, सिंगापूरजवळ समुद्रात जहाजं अशी दाटीवाटीने उभी असतात की सणासुदीला दादरचं मार्केट आठवतं.

७. ट्रॅकिंग ॲपवर ३,९०० ऐवजी जास्त किलोमीटर दिसतात, पायलट वळसा घेतो का?

घेतो, आणि घ्यावाच लागतो. ३,९०० हे कागदावरचं अंतर. प्रत्यक्षात उड्डाण कुठल्या दिशेने झालं, हवाई मार्ग कुठला मिळाला, मधे ढगांचे डोंगर आहेत का, उतरताना रांग किती, या सगळ्यात काही टक्के वाढतंच. या रूटवर अजून एक खास कारण आहे. श्रीहरिकोटा ओंगोलजवळच्या त्या किनाऱ्यापासून फार लांब नाही, तिथून रॉकेट सुटायचं असलं किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावरून क्षेपणास्त्राची चाचणी असली की उपसागरावरचा मोठा पट्टा काही तासांसाठी बंद करतात आणि विमानांना बाजूने जावं लागतं. म्हणजे इस्रोचं कौतुक टीव्हीवर चालू असताना तुमचं विमान थोडं वाकडं चाललेलं असू शकतं.

८. वाऱ्यामुळे जाताना वेळ कमी लागतो की येताना?

अमेरिका-युरोपवाले सांगतात की पूर्वेकडे जाताना वारा मागून ढकलतो म्हणून लवकर पोचतो. सिंगापूरच्या बाबतीत हे अर्धंच खरं आहे. तो पश्चिमेकडून येणारा जोराचा वारा, जेट स्ट्रीम, हिवाळ्यात उत्तर भारतावर असतो आणि आपला रूट एकोणीस अक्षांशावरून थेट विषुववृत्ताजवळ उतरतो. त्यामुळे हिवाळ्यात जाताना सुरुवातीला थोडी मदत होते, पुढे वारा बिचारा मवाळ.

पावसाळ्यात मात्र उलटा खेळ. जून ते सप्टेंबर दक्षिण भारतावर खूप उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे जोराचा वारा वाहतो. पी. कोटेश्वरम या आपल्या हवामानशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात यावर मूलभूत काम केलंय. याचा मुख्य जोर विमानाच्याही वर असतो, पण खालचा भाग विमानाला लागतोच. म्हणजे पावसाळ्यात सिंगापूरला जाताना वारा समोरून आणि मुंबईला येताना मागून. फरक मिनिटांत असतो, तासांत नाही. आणि येताना वाचलेली मिनिटं मुंबईवर घिरट्या घालण्यात जातात ते वेगळंच (प्रश्न १० बघा).

९. पाकिस्तानचं आकाश बंद असलं की सिंगापूरच्या फ्लाइटला जास्त वेळ लागतो का?

नाही, आपण उलट्या दिशेला जातो. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आकाश बंद केलं तेव्हा मुख्यतः दिल्लीहून युरोप-अमेरिकेला आणि आखातात जाणाऱ्यांना वळसा पडला. मुंबई-सिंगापूर आग्नेयेला, काही संबंध नाही. एकच आडवळणाची शक्यता: तुमच्या फ्लाइटसाठी येणारं विमानच आधी दुसरीकडून उशिरा आलं तर तुम्हालाही उशीर.

१०. उतरायच्या वेळी विमान मुंबईवर गोल गोल का फिरत राहतं?

मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. म्हणजे नावाला दोन, पण एका वेळी एकच वापरता येते. त्या एकीवर उतरणारी आणि उडणारी सगळी विमानं. त्यात पाऊस कोसळला की दोन विमानांमधलं अंतर वाढवतात, की लागली रांग वरच. शिवाय पावसाळ्याच्या आधी आणि नंतर देखभालीसाठी धावपट्ट्या दिवसाचे काही तास बंद ठेवतात, पण ते आधीच जाहीर करतात आणि त्या वेळात फ्लाइट ठेवतच नाहीत.

सिंगापूरचं आकाश नेहमी गुळगुळीत असतं असंही नाही. एप्रिल ते नोव्हेंबरमध्ये पहाटे-सकाळी सुमात्राकडून वादळी पावसाची एक ओळच्या ओळ येते, तिला तिथे 'सुमात्रा स्क्वॉल' म्हणतात, आणि आपली रात्रीची विमानं नेमकी त्याच वेळेला पोचतात. तासाभरात निवळतं. पट्टा मात्र बांधूनच ठेवा, मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला येणाऱ्या एका विमानाला म्यानमारवर असा जबर हिसका बसला की एक प्रवासी दगावला आणि विमान बँकॉकला उतरवावं लागलं.

११. आम्ही पुण्याचे. पुण्याहून थेट जाता येतं का?

डिसेंबर २०२२ मध्ये पुणे-सिंगापूर नॉनस्टॉप सुरू झालं होतं, पण ही सेवा एकसारखी चाललेली नाही, तेव्हा तुमच्या तारखेला आहे का ते बुकिंगच्या वेळी बघूनच ठरवा. अंतर ३,८०० किलोमीटरच्या आसपास, मुंबईपेक्षा थोडं कमीच.

थेट नसेल तर मजा बघा. पुणेकर कॅब करून चार तास एक्सप्रेसवे आणि ट्रॅफिक खात मुंबईला येणार, तीन तास विमानतळावर बसणार, आणि मग विमान उडून पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा पुण्याच्याच डोक्यावरून जाणार (प्रश्न ६). यावर पुणेकरांची पाटी काय असेल ते तुम्हीच ठरवा.

१२. वन-स्टॉप स्वस्त पडतं. कुठून गेलं तर कमी फेरा पडतो?

अंतराच्या हिशोबाने चेन्नई आणि क्वालालंपूर जवळजवळ वाटेतच आहेत. चेन्नईमार्गे एकूण ३,९५० च्या आसपास होतं, क्वालालंपूरमार्गेही ३,९०० च्या घरात. कोलंबोमार्गे ४,२५० ते ४,३००, बँकॉकमार्गे ४,४०० च्या थोडं वर. आणि दिल्लीमार्गे? ५,३०० च्या आसपास! आधी उत्तरेला जायचं आणि मग सगळं परत खाली यायचं, म्हणजे कोल्हापूरला जायला नाशिकची गाडी पकडण्यातला प्रकार.

पण किलोमीटरवर भुलू नका, वेळ खातो तो मधला थांबा. चेन्नईला चार तास बसलात तर अंतर ५० किलोमीटर वाढलं आणि प्रवास दहा तासांचा झाला. दोन-तीन हजारांसाठी मी हे करणार नाही, दहा हजार वाचत असतील तर आनंदाने करेन आणि इडली खात बसेन. अजून एक, 'डायरेक्ट' लिहिलं म्हणजे नॉनस्टॉप असं नसतं. एकच फ्लाइट नंबर ठेवून मधे थांबणाऱ्या विमानालाही डायरेक्ट म्हणतात. 'थांबे शून्य' दिसतंय का ते बघा.

१३. नवी मुंबईच्या विमानतळावरून गेलं तर वेळ बदलेल का?

हवेतला नाही, दोन्ही विमानतळांमधलं अंतर विमानासाठी किरकोळ आहे. जमिनीवरचा मात्र प्रचंड बदलेल. तिथून डिसेंबर २०२५ मध्ये विमानं उडायला लागली, तेव्हा आता तिकिटावर बीओएम (जुनं मुंबई विमानतळ) आहे की एनएमआय (नवी मुंबई) हे वाचायची सवय लावा. बोरिवलीचा माणूस चुकून उलव्याला किंवा पनवेलचा माणूस चुकून अंधेरीला पोचला तर विमान काही थांबत नाही.

१४. तिकीट १५ तारखेचं, वेळ रात्री १२:४०. एअरपोर्टवर कधी जायचं?

१४ तारखेला रात्री साडेनऊपर्यंत! दरवर्षी कुणीतरी १५ ला रात्री जेवून-बिवून निघतं आणि विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. आमच्याच नात्यात एक जोडपं असं गेलंय, सासूबाईंचे बेसनाचे लाडू बॅगेत, आणि काउंटरवरची मुलगी शांतपणे सांगतेय की तुमची फ्लाइट काल होती.

तारखेचा दुसरा घोळ: १४ ला रात्री ११ ला निघालात तर पोचता १५ ला. हॉटेल १५ पासून घ्या (सकाळी खोली मिळेलच असं नाही, दुपारी मिळते). सिंगापूरचं अरायव्हल कार्ड (पोचण्याआधी भरायचा ऑनलाइन फॉर्म) तेही पोचायच्या तारखेने भरायचं, पोचण्याच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत, आणि ते फुकट असतं. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. व्हिसा वेगळा, तो भारतीय पासपोर्टला आधीच काढावा लागतो, हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे.

१५. घरातून निघून सिंगापुरात घरी पोचेपर्यंत एकूण किती तास?

डोंबिवलीहून निघालात असं धरते. रस्ता दीड-दोन तास, विमानतळावर तीन, विमान साडेपाच, चांगीला इमिग्रेशन आणि बॅगा मिळून पाऊण ते एक तास, पुढे टॅक्सीने अर्धा तास. झाले अकरा-बारा तास. हवेतला वेळ निम्म्याहूनही कमी! लोक अर्ध्या तासाने जलद फ्लाइट शोधत बसतात, त्यापेक्षा रस्त्यावरच्या ट्रॅफिकमधून कुठल्या वेळेला सुटका होते ते बघून फ्लाइट घ्या. चांगीला टर्मिनल एक, दोन, तीन आतल्या ट्रेनने जोडलेले आहेत, चौथ्याला बसने जावं लागतं, तेव्हा घ्यायला येणाऱ्याला टर्मिनल नंबर आधीच कळवा.

१६. मुलगी मेलबर्नला आहे. सिंगापूरला विमान बदलायला दीड तास पुरतो का?

दोन्ही फ्लाइट एकाच बुकिंगवर असतील तर सहसा पुरतो. बॅगा थेट मेलबर्नला जातात, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनीने करायची असते.

वेगवेगळी दोन तिकिटं काढली असतील तर नाही, नाही आणि नाही. तेव्हा बहुतेक वेळा बॅग घ्यायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं, म्हणजे सिंगापुरात शिरायची परवानगी लागते, पुन्हा चेक-इन, आणि आंतरराष्ट्रीय काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. यात पुढचं विमान चुकलं तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी देणंघेणं नसतं. अशा वेळी किमान पाच-सहा तास ठेवा.

१७. गाडीने किंवा बोटीने जाता येतं का?

आज तरी नाही असंच समजा. रस्ता मणिपूरच्या मोरेहून म्यानमार, थायलंड, मलेशिया असा आहे नकाशावर, पण म्यानमारमध्ये २०२१ पासून जे चाललंय त्यात कुणी सहकुटुंब जाणार नाही. मुंबईहून सिंगापूरला नियमित प्रवासी बोट नाही.

१८. गोळ्यांच्या वेळा आणि संकष्टीचा चंद्रोदय कुठला धरायचा?

हसू नका, दोन्ही प्रश्न खरोखर येतात. रोजच्या साध्या गोळ्यांना अडीच तासांनी बहुतेक काही होत नाही, पण इन्शुलिन किंवा ठराविक तासांनीच घ्यायचं औषध असेल तर निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांकडून वेळा लिहून घ्या.

चंद्रोदय तुम्ही जिथे आहात तिथला. भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या वेळा महाराष्ट्रातल्या गावांच्या असतात, त्यात अडीच तास मिळवून सिंगापूरची वेळ येत नाही. चंद्र आधी सिंगापूरला उगवतो, मग मुंबईला, पण घड्याळ पुढे असल्यामुळे तिथल्या काट्यांवर साधारण मुंबईसारखीच वेळ दिसते, थोडी मागेपुढे. माझ्या सासूबाईंनी पहिल्या वर्षी मुंबईची वेळ अधिक अडीच तास असा हिशोब केला आणि चंद्र पार डोक्याकडे सरकला तरी मोदक तसेच झाकून ठेवलेले.